समंधासमोरचा कार्यकर्ता: भयकथा कशी रचावी

भयकथेत अमानवी खलनायक आणि मतांतर होत असलेला राजकीय कार्यकर्ता यांना समोरासमोर आणायचे असेल, तर आधी खलनायक ठरवू नये. कार्यकर्त्याचे मत कोणत्या प्रश्नावर बदलते ते आधी ठरवावे आणि त्याच प्रश्नाच्या पोटातून भूत काढावे. आपल्याकडची भुते त्यासाठी फार सोयीची आहेत, कारण त्यांच्या जन्मकथाच सामाजिक आहेत: मुंज झाल्यावर पण सोडमुंजीआधी गेलेल्या मुलाचा मुंजा होतो, बाळंतपणात दगावलेल्या बाईची हडळ होते आणि इस्टेटीत जीव अडकलेला निपुत्रिक माणूस समंध होऊन ती राखत बसतो. जमिनीच्या चळवळीतल्या माणसासमोर हडळ आणली, तर ती नुसती भीती घालील. समंध आणला, तर तो वाद घालील.

गोष्ट कोकणातली, १९५७ सालची आहे असे धरू. खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताचे वतन, १९४९ च्या कायद्याने गेली आहे, कूळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ मालक मानले गेले आहे, आणि निपुत्रिक मेलेला खोत मात्र अजून बांधावरच्या वडावर आहे. त्याचे सामर्थ्य एका ओळीत सांगता आले पाहिजे: दर रात्री तो शेताचा बांध चार बोटे सरकवतो, तेही नव्या मालकाच्या फायद्यासाठी. एवढेच. तो झपाटत नाही, किंचाळत नाही. पहाटे कूळ शेतावर जाते, तेव्हा काल बांधाला लागून रोवलेली काठी बांधापासून सुटी उभी दिसते, मधली माती ओली आणि ताजी असते, आणि पलीकडून शेजारी विचारतो, "रात्री तूच आला होतास ना?" कुळाने 'नाही' म्हणायला जो क्षणभर उशीर केला, त्यात कथेची सगळी भीती आहे, तिथे लेखकाने अजिबात घाई करू नये.

आता कार्यकर्ता. मतांतर एका रात्रीत होत नाही, हे जयप्रकाश नारायण यांच्या आयुष्याकडे पाहिले की कळते. अमेरिकेत शिकताना ते मार्क्सवादी झाले, १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या स्थापनेत पुढे होते, १९५४ मध्ये बोधगयेला त्यांनी भूदानासाठी, म्हणजे भूमिहीनांकरिता जमीन दानात मागण्याच्या चळवळीसाठी, आयुष्य वाहण्याचे 'जीवनदान' जाहीर केले, आणि प्रजा समाजवादी पक्ष सोडला तो १९५७ मध्ये, सहकाऱ्यांना दीर्घ पत्र लिहून आणि कारणे सविस्तर मांडून. म्हणून आपल्या नायकाची शंकाही समंध दिसण्याच्या कितीतरी आधीपासून पेरावी. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा त्याने वर्षानुवर्षे दिली आहे; मग ज्या कुळासाठी त्याने तुरुंग भोगला, तेच कूळ विधवा भावजयीला घराबाहेर काढताना त्याने पाहिले आहे. कायद्याने मालक बदलतो, हाव बदलत नाही, हा विचार त्याला छळतो आहे. बांध सरकू लागतो तो त्यानंतर.

यात दोन धोके मला गंभीर वाटतात. भुताने पछाडल्यामुळे मत बदलले असे चुकूनही सुचवू नये, कारण तसे केल्यास विचार करणाऱ्या माणसाचा अपमान होतो आणि कथाही पोकळ ठरते. दुसरे, शेवटी त्याला भूत उतरवणाऱ्या भगताच्या पायाशी आणू नये. जुने सोबती त्याला फितूर म्हणतील, ते म्हणू द्यावे, आणि त्यांच्या तोंडी खरोखर बिनतोड युक्तिवाद घालावेत: दान मागून जमीन मिळते ती बहुधा खडकाळच, हा आक्षेप भूदानावर घेतला गेलाच होता.

शेवटचा प्रसंग बांधावरच लिहावा. समंध काही मागत नाही. तो फक्त फावडे पुढे करतो. कार्यकर्ता ते घेतो, कुळाला हाक मारून उठवतो, आणि दोघे मिळून उजाडेपर्यंत बांध मूळ जागी आणत राहतात. दुसऱ्या रात्री कूळ एकटे येते की नाही, तिथे कथा थांबवावी.