नव्या पिल्लाचे फोटो : या चुका टाळा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की चार दिवसांत मोबाइल भरून जातो आणि धड फोटो मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतात. दोष क्वचितच मोबाइलचा असतो. बहुतेक वेळा उजेड चुकलेला असतो, म्हणून आधी त्याचंच बघू.

भर उन्हात फोटो काढणं

मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळी 9 नंतरचं ऊन फोटोच्या कामाचं नसतं. पिल्लू डोळे मिटून घेतं, पाठ पांढरीफटक येते आणि तोंडावर काळी सावली पडते. शिवाय गच्चीचं सिमेंट आणि अंगणातली शहाबादी फरशी तापलेली असते. हाताची मागची बाजू फरशीवर 7 सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल, तर त्याच्या कोवळ्या तळव्यांना अजिबात सोसणार नाही.

सगळ्यात चांगला उजेड मिळतो तो ओसरीत किंवा वाड्याच्या ढेलजेत. पिल्लाला उंबऱ्यापासून दोन-तीन फूट आत, तोंड दाराकडे करून बसवा. तुम्ही दाराच्या एका बाजूला बसा, मधोमध बसलात तर तुमचीच सावली त्याच्यावर पडेल. डोळ्यांत दाराचा लहानसा पांढरा ठिपका चमकला की जागा बरोबर जमली.

रंगाकडेही लक्ष हवं. हिरव्या शेडनेटखाली पांढरं पिल्लू हिरवट दिसतं, गुलाबी भिंतीशेजारी गुलाबी. नंतर एडिटिंगमध्ये हा रंग नीट जात नाही, त्यामुळे जागाच बदललेली बरी. खाली साधी सतरंजी किंवा घोंगडी पुरते, फक्त काळ्या पिल्लाला काळी घोंगडी नको.

काळ्या किंवा पांढऱ्या पिल्लाचा उजेड कॅमेऱ्यावर सोडणं

कॅमेरा समोरचं सगळं मध्यम उजेडाचं धरून चालतो. काळं पिल्लू चौकटभर असेल तर तो उजेड वाढवतो आणि केस राखाडी दिसतात, तेव्हा स्क्रीनवर बोट टेकवल्यावर दिसणारी उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. पांढऱ्या पिल्लाला उलट, थोडी वर. मात्र काळ्या पिल्लामागे उघडं आभाळ असेल तर त्याचा नुसता काळा आकार उरतो. अशा वेळी डोळ्यावर बोट टेकवून फोकस करा आणि उजेड वाढवा.

उभ्यानं आणि फार जवळून काढणं

वरून काढलेल्या फोटोत डोकं मोठं आणि पाय गायब. खाली बसा, गरज पडली तर पालथं पडा, पण लेन्स पिल्लाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. मोबाइल नाकाला भिडवला की नाक फुगीर दिसतं. 3-4 फूट मागं सरा आणि 2एक्स झूम वापरा. मागचं धूसर करणारा पोर्ट्रेट मोड कानांच्या कडा आणि मिशा खातो, म्हणून एखादा फोटो साध्या मोडमध्येही घ्या. उंचीसाठी पिल्लाला बाजेवर किंवा कठड्यावर ठेवू नका, ते कधी उडी मारेल याचा नेम नसतो.

रात्री बल्बखाली काढणं

उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि वळवळणारं पिल्लू पुसट येतं. नाइट मोडमध्ये तर हे हमखास होतं. प्रो मोड (सेटिंग हातानं बदलता येणारा) असेल तर बसलेल्या पिल्लाला शटर 1/250 सेकंद, पळणाऱ्याला 1/500 ते 1/1000 सेकंद ठेवा आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती टिपतो ते, ऑटोवर सोडा. फोटोत थोडे दाणेदार ठिपके दिसले तरी चालतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. फ्लॅश नकोच. डोळे हिरवे चमकतात, पिल्लू दचकतं आणि पुढच्या वेळी मोबाइल दिसला की तोंड फिरवतं.

पिल्लाची वेळ न बघणं

लहान पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं. झोपेतून उठवून फोटो काढू नका. थोडं खेळून, शी-शू उरकून शांत झालेलं असतानाची दहा मिनिटं पुरतात. लेन्स सुती कपड्यानं आधीच पुसून ठेवा. लक्ष वेधायचा आवाज एकदाच करा आणि त्याच क्षणी बर्स्ट, म्हणजे एकापाठोपाठ सलग फोटो घ्या, सारखं चुकचुक केलं की ते ऐकणं सोडतं. बक्षीस म्हणून बिनमिठाच्या उकडलेल्या चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा द्या. चॉकलेट आणि मनुका कधीच नाहीत, दोन्ही कुत्र्यांना विषारी असतात. ते जांभया देऊ लागलं, ओठ चाटू लागलं किंवा मान वळवू लागलं तर तिथंच थांबा.

मागे हिरवळ छान दिसते म्हणून बागेत किंवा मैदानात नेण्याची घाई सुद्धा नको. लसींचे सगळे डोस साधारण 16 आठवड्यांच्या आसपास पूर्ण होतात. पार्वो या कुत्र्यांच्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव घेऊ शकतो. डॉक्टरांनी बाहेर न्यायला हरकत नाही असं सांगेपर्यंत फोटो घरातच काढा.