विकीवर काम करणाऱ्यांसाठी गावातच निधी कसा उभारावा : खानदेशातल्या गटांसाठी

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून सुरू आहे आणि आजही तो फुकट राबणाऱ्या लोकांवर चालतो. लिहिणे फुकट होते, पण लिहिण्याआधीचा खर्च फुकट नसतो. शहाद्याहून धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाऊन दप्तर बघायचे, तोरणमाळच्या पाड्यांवर नकाशासाठी फिरायचे, अहिराणी शब्दांचे उच्चार रेकॉर्ड करायचे, या सगळ्याला गाडीभाडे लागते, रिचार्ज लागतो, दुपारचे जेवण लागते. हा खर्च कुठल्याही मोठ्या संस्थेच्या अनुदानाची वाट न बघता गावातूनच कसा भागवायचा, ते पुढे आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवून लिहून काढा: पैसा खर्चासाठी आहे, लेखांसाठी नाही. लेखामागे शंभर रुपये लावले की आठवड्याभरात चार ओळींचे, संदर्भ नसलेले पन्नास लेख येतात आणि ते काढून टाकायला दुसऱ्या कोणाची तरी रात्र जाते. शब्दांवर किंवा बाइटवर दर लावला तरी तेच होते, मजकूर फुगतो.

पैसे कोणाच्या खात्यात घ्यायचे

स्वतःच्या युपीआयवर घेऊ नका. बहुतेक गट इथेच फसतात. नातेवाईक नसलेल्या लोकांकडून वर्षभरात आलेली रक्कम ५०,००० रुपयांच्या वर गेली की प्राप्तिकरात वरचीच नव्हे, सगळी रक्कम तुमचे उत्पन्न धरली जाते. शिवाय नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळे दरवर्षी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खाली घेतात तीच.

नवी संस्था काढायची घाईही नको. किमान सात सभासद, घटना, दरवर्षीचे लेखापरीक्षण, पदाधिकारी बदलले की फेरफार अर्ज, या सगळ्यात पहिले वर्ष जाते आणि विकीचे काम बाजूला राहते. त्यापेक्षा तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाकडे जा. बहुतेक वाचनालये आधीच नोंदणीकृत आहेत, त्यांचे पॅन, बँक खाते आणि लेखापरीक्षक ठरलेले आहेत. त्यांच्या कार्यकारिणीत एक ठराव मांडा आणि त्यात चार गोष्टी याव्यात असे बघा: निधीचे नाव आणि स्वतंत्र खातेवही; सही दोघांची, एक वाचनालयाचा आणि एक गटाचा; हिशेबाच्या कामापोटी वाचनालयाला खर्चाच्या ५ टक्के; आणि काम थांबले तर उरलेली रक्कम कोणत्या कामाला जाईल. ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल घेऊन ठेवा. कार्यकारिणी बदलली की तोंडी शब्द कोणाला आठवत नाही.

मागायचे कोणाकडे, कधी

जळगावची डाळ आणि चटई, रावेर-यावलची केळी, सराफ, कापसाचे व्यापारी, निवृत्त शिक्षक. पाच-दहा हजारांचे दहा देणगीदार एका पन्नास हजारांच्या देणगीदारापेक्षा बरे, कारण एकट्याने सगळे दिले की कामही तोच ठरवू लागतो. कापसाचे पैसे हातात आल्यावर, म्हणजे दिवाळी ते संक्रांत, व्यापाऱ्यांना भेटा. पुण्या-मुंबईला गेलेली मंडळी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी येतात, त्यांना तेव्हा गाठा.

८०जी सवलतीचे, म्हणजे देणगीवर मिळणाऱ्या प्राप्तिकर सुटीचे, आमिष फार दाखवू नका. वाचनालयाकडे ते प्रमाणपत्र असेलच असे नाही, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही, आणि नव्या करप्रणालीत गेलेल्या नोकरदाराला तिचा उपयोगच नाही. कंपन्यांच्या सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी संस्थेची वेगळी नोंदणी लागते आणि तो पैसा कोणा एकट्या माणसाच्या हातात देता येत नाही. पन्नास हजारांसाठी तो खटाटोप परवडत नाही.

परदेशातून येणाऱ्या पैशाबाबत मात्र काटेकोर राहा. अमेरिकेत असलेल्या गावच्या मुलाचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ती परकीय देणगी ठरत नाही. त्याने तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ठरते, मग हातात भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड का असेना. अशी देणगी घ्यायला वाचनालयाकडे परकीय देणगी कायद्याखालची, म्हणजे एफसीआरएची नोंदणी लागते, आणि ती सहसा नसते. म्हणून पावती फाडण्याआधी नागरिकत्व विचारा. विचारायला अवघड वाटते, पण आलेले पैसे परत पाठवणे त्याहून अवघड.

देणगीपत्रातले एक वाक्य

प्रत्येक देणगीदाराच्या सहीचे पत्र घ्या, त्यात हे असू द्या: ‘या देणगीच्या बदल्यात माझ्या, माझ्या कुटुंबाच्या किंवा व्यवसायाच्या संदर्भात कोणताही लेख लिहिला, बदलला किंवा काढला जाणार नाही.’ हे वाक्य वाचून काही जण मागे सरतात. सरू द्या. ‘आमचे आजोबा १९३६च्या फैजपूर काँग्रेसला होते, त्यांचे एक पान करून द्या’ ही मागणी येतेच, आणि ती बहुधा प्रेमाने येते. उत्तर इतकेच द्यायचे: त्या काळची वर्तमानपत्रे किंवा छापील पुस्तके असतील तर संबंधित लेखाच्या चर्चापानावर त्यांची माहिती द्या, देणगीशी संबंध नसलेले संपादक बघतील.

सहा महिन्यांचे अंदाजपत्रक

पन्नास हजारांत काय बसते ते पाहा. प्रवास ९,०००. स्कॅनिंगसाठी स्टँड, दोन दिवे, काच आणि हार्डडिस्क मिळून ८,०००. सहा जणांचे इंटरनेट, महिना ३०० प्रमाणे, १०,८००. एक प्रशिक्षण दिवस, जेवणासह, ५,०००. विकिस्रोतावर, म्हणजे जुनी छापील पुस्तके मजकूररूपात ठेवणाऱ्या विकिपीडियाच्या भावंड प्रकल्पावर, १,००० पानांचे मुद्रितशोधन, पानाला १२ रुपये, म्हणजे १२,०००. बेरीज ४४,८००. वाचनालयाचे ५ टक्के २,२४०, आणि उरलेले २,९६० अडीअडचणीला.

मुद्रितशोधनाला पानामागे दर लावला आहे, लेखांना का नाही? विकिस्रोतावर मजकूर आधीच छापलेला असतो, तो फुगवता येत नाही, आणि शेजारीच स्कॅन दिसत असल्यामुळे चूक पकडता येते. तरीही पहिल्या तपासणीनंतर पान पिवळे झाले की पैसे देऊ नका. दुसऱ्या माणसाने तपासून ते हिरवे झाल्यावरच पहिल्याला ८ आणि दुसऱ्याला ४ रुपये द्या. दोघे एका घरातले नकोत. नाहीतर न वाचताच पाने हिरवी होतात.

ज्यांना असा मोबदला मिळतो त्यांनी आपल्या सदस्यपानावर तो कोण देतो हे लिहिलेच पाहिजे. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या वापराच्या अटींत २०१४ पासून ही सक्ती आहे. एक ओळ पुरते: ‘मला विकिस्रोतावरील मुद्रितशोधनासाठी अमुक वाचनालयाच्या विकी निधीतून मानधन मिळते.’ नुसते गाडीभाडे मिळत असेल तरी लिहून ठेवा, नंतर कोणी बोट दाखवत नाही.

स्कॅनिंगला पैसे लावण्याआधी

इथे सर्वांत जास्त पैसा वाया जातो, कारण हक्क न तपासता पुस्तक स्कॅन केले की फाइल काढून टाकली जाते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. पण लेखकाच्या पश्चात छापलेल्या लिखाणाला प्रकाशनापासून ६० वर्षे मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने १९५२ साली आल्या, म्हणून त्या भारतात १ जानेवारी २०१३ पासून मुक्त. त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे आणि अत्रे १९६९ साली गेले. ती २०२९ संपेपर्यंत मुक्त नाही. म्हणजे पुस्तक एक, हक्क दोन.

शिवाय कॉमन्सवर, म्हणजे सगळ्या विकींच्या फाइलींच्या सामायिक साठ्यावर, फाइल चढवताना अमेरिकेचा कायदाही बघतात. १९९६च्या सुरुवातीला ज्या ग्रंथांचे हक्क भारतात जिवंत होते, त्यांना तिकडे पुन्हा संरक्षण मिळाले. त्यामुळे साने गुरुजी (निधन १९५०) इथे मुक्त असले तरी तिथे अडकतात. म्हणून पहिल्या फेरीत, ज्यांचे हक्क १९९६च्या आधीच संपले होते अशा, १९४० पर्यंत निधन पावलेल्या आणि हयातीतच पुस्तके छापलेल्या लेखकांवर काम करा, वि. का. राजवाडे (निधन १९२६) त्यात सहज बसतात, फक्त पुढच्या संपादकाच्या टिपा असलेली आवृत्ती घेऊ नका.

स्कॅन ३०० डीपीआयच्या, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांच्या, खाली नको, नाहीतर मशीन जोडाक्षरे आणि रफार चुकीचे वाचते आणि मुद्रितशोधनाचा वेळ वाढतो. पुस्तक पूर्ण १८० अंशांत उघडून दाबू नका, जुनी शिवण सुटते. एक जण पाने उलटणारा, एक फोटो घेणारा. शेवटी पानांचे आकडे ओळीने मोजा. दोन पाने एकदम उलटली गेल्याचे घरी आल्यावर कळले तर पुन्हा भाडे पडते.

पावत्या

एसटीच्या मशीनचे तिकीट काही महिन्यांत कोरे पडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून गटाच्या फोल्डरमध्ये टाका. काळी-पिवळी तिकीट देत नाही; तिथे साधे व्हाउचर करा: तारीख, कुठून कुठे, कोणत्या कामासाठी, रक्कम, प्रवाशाची सही आणि मंजूर करणाऱ्याची सही. मंजूर करणारा आणि पैसे घेणारा एकच माणूस कधीही नको, अध्यक्ष असला तरी. आगाऊ रक्कम दिलीच तर निम्मी, आणि आधीचा हिशेब आल्याशिवाय पुढची नाही.

दर तीन महिन्यांनी जमा-खर्च एका पानावर वाचनालयाच्या फलकावर आणि विकीवरच्या गटाच्या पानावर लावा. देणगीदारांची नावे त्यांना विचारून. कामाला पैसे घेणाऱ्यांची सदस्यनावे न विचारता, ती अट त्यांना आधीच सांगितलेली असली पाहिजे. सहा महिन्यांनी शिल्लक राहिली तर देणगीदारांना कळवून पुढे ओढा. काम थांबवायचे असेल तर ठरावात लिहिले आहे त्या कामाला ती द्या आणि स्टँड-दिव्यांसह हार्डडिस्कही वाचनालयाच्या साठा रजिस्टरला चढवा.