स्पीडअप मोजताना या चुका टाळा

आठ थ्रेडवर (प्रोग्रॅमच्या एकाच वेळी चालणाऱ्या आठ धाग्यांवर) स्पीडअप, म्हणजे एका थ्रेडचा वेळ भागिले आठ थ्रेडचा वेळ, ६.३७ आला, असे दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिलेले तक्ते माझ्याकडे तपासायला येतात; रन, म्हणजे प्रोग्रॅम चालवून वेळ मोजण्याच्या खेपा, किती वेळा घेतले असे विचारले, की ‘तीन’ किंवा, खाली मान घालून, ‘एकच’ असे उत्तर मिळते. मोजलेला वेळच दर खेपेला दहा-पंधरा टक्क्यांनी हलत असेल, तर त्या शेवटच्या दोन अंकांना काहीही अर्थ नसतो.

सर्वांत महागात पडते ती एका थ्रेडच्या वेळेतील चूक. हा रन सर्वांत लांबतो, म्हणून घाईतला माणूस तो एकदाच घेतो आणि आलेखातील प्रत्येक बिंदूसाठी तोच आकडा भाज्य म्हणून वापरतो. मी स्वतः यात पोळलो आहे. सोळा कोरच्या (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणन-भागांच्या) सामायिक सर्व्हरवर एका थ्रेडचा वेळ दुपारी २१२ सेकंद मोजला आणि चार थ्रेडचा वेळ रात्री ४७ सेकंद आला, म्हणजे स्पीडअप ४.५१. प्रत्येक कोरच्या वाट्याचा डेटा त्याच्या कॅशमध्ये, म्हणजे कोरलगतच्या छोट्या, वेगवान मेमरीत, मावला तर चार थ्रेडवर चारपेक्षा अधिक स्पीडअप खरोखरच मिळू शकतो, आणि म्हणूनच आम्ही कॅशला श्रेय देणारी दोन पाने निःशंकपणे लिहून मोकळे झालो. पंधरा दिवसांनी एका थ्रेडचा रन रात्री घेतला, तेव्हा १६८ सेकंद लागले. दुपारी दुसऱ्या कुणाचे तरी काम मेमरी बँडविड्थ (मेमरीतून डेटा आणण्याची क्षमता) खात होते. स्पीडअप ३.५७ वर उतरला आणि दोन पाने रद्दीत गेली. या चुकीतली खोच अशी की, भाज्य सर्व बिंदूंना सामाईक असल्याने अख्खा वक्र वर सरकतो, परंतु बिंदूंच्या आपापसातील विखुरणीत तिचा मागमूसही दिसत नाही. तेव्हापासून मी एक थ्रेड, आठ थ्रेड, पुन्हा एक, असे आळीपाळीने निदान तीस-तीस रन घेतो. यात रात्र जाते. ज्यांना ती घालवायची नाही, त्यांनी आलेख काढू नये.

दुसरी चूक गुणोत्तरांची सरासरी काढण्याची. एका थ्रेडला १०० सेकंद आणि आठ थ्रेडना तीन रनमध्ये १०, २० व ३० सेकंद लागले असे समजा. प्रत्येक रनचा स्पीडअप काढून सरासरी घेतली तर ६.११ येते, वेळांची सरासरी आधी घेऊन भागाकार केला तर ५. विखुरणी जितकी मोठी, तितका पहिला आकडा फुगतो, आणि तो सोयीचा असल्यामुळे कुणी संशय घेत नाही.

त्रुटीचे नेहमीचे सूत्र, म्हणजे सापेक्ष त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढणे, पहिल्या अंदाजाला ठीक आहे: १२० ± ६ आणि २० ± ३ यांवरून स्पीडअप ६ ± ०.९५ येतो. मात्र ते लहान आणि परस्परांपासून स्वतंत्र त्रुटींसाठी आहे. रनच्या वेळा सममित नसतात, कारण व्यत्यय काम लांबवतात, सहसा घटवत नाहीत. म्हणून मी मध्यकांचे गुणोत्तर घेतो आणि दोन्ही वेळांचे नमुने परत-ठेव पद्धतीने (उचललेली वेळ परत ठेवून) दहा हजार वेळा उचलून, दर वेळी गुणोत्तर काढून, त्यांतला मधला ९५ टक्क्यांचा पट्टा देतो. याला बूटस्ट्रॅप म्हणतात, आणि ते वीस ओळींत लिहून होते.

‘विचित्र’ रन खोडू नका. अमेरिकेतील लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या एएससीआय क्यू महासंगणकावर सेज हा प्रोग्रॅम अपेक्षेपेक्षा खूप मंद चालत होता. तिथल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, दोष ऑपरेटिंग सिस्टिमच्या बारीकसारीक व्यत्ययांचा होता, आणि ते दूर करताच सेजला हात न लावता वेग जवळपास दुप्पट झाला. त्यांनी मंद वेळा अपवाद म्हणून खोडल्या असत्या, तर हे सापडले नसते.

प्रमाण विचलन (वेळांची विखुरणी) आणि प्रमाण त्रुटी (सरासरीची अनिश्चितता) यांपैकी काय दिले, ते लिहा. थ्रेड कोरला बांधा, म्हणजे तो मध्येच दुसऱ्या कोरवर हलणार नाही. पहिला रन डिस्कवरून वाचतो, तो मोजू नका. आणि एकटा कोर टर्बोमुळे (प्रोसेसरच्या आपोआप वेग वाढवण्याच्या सोयीमुळे) अधिक वारंवारितेवर धावतो, त्यामुळे स्पीडअप खरोखरीपेक्षा कमी दिसतो. हा फरक हजार रन घेऊनही जात नाही, वारंवारिता स्थिर करूनच जातो.