उलटा वाय आणि हिंदी महासागरातलं जळगाव

क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं फुकट सॉफ्टवेअर उघडता येतं, थर टाकता येतात, रास्टर-व्हेक्टर कळतं, एवढं धरून चालतो. खरी अडचण पुढे असते. लॅपटॉपवरचा नकाशा लोकांच्या मोबाइलवर जायचा कसा, हे सांगणारं धुळ्या-जळगावात मला कोणी भेटलं नाही. 'पुण्याला जाऊन क्लास लाव' म्हणणारे मात्र ढीगभर भेटले. भो, क्लास लावू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर देणाऱ्या सरांपासूनही लांबच राहा. इथे लागतं ते सगळं सॉफ्टवेअर फुकट आणि राजरोस मिळतं.

मला पांझरेकाठच्या फड बागायतीचा नकाशा करायचा होता. जुने बंधारे, त्यांचे पाट, पाटाखालचे फड (एकत्र भिजणारे जमिनीचे पट्टे) आणि खाली सेंटिनेल-२ चं उपग्रहचित्र. सगळ्यांनी आधी सर्व्हरचीच भीती घातली. स्वतःचा सर्व्हर लागत नाही. टाइल म्हणजे २५६ बाय २५६ पिक्सेलचं साधं चित्र, झूम/एक्स/वाय अशा फोल्डरांत रचलेलं; एक्स म्हणजे उभा रकाना, वाय म्हणजे आडवी ओळ. कृषी केंद्राची वेबसाइट चालते तसलं वर्षाच्या भाड्याचं होस्टिंग पुरतं. डेटाबेस नको, पीएचपी नको. जीडॅल२टाइल्सने (चित्राच्या टाइल कापणारी, जीडॅल सॉफ्टवेअरमधली कमांड) किंवा क्यूजीआयएसच्या एक्सवायझेड टाइल्सच्या टूलने फोल्डर बनवायचे, वर चढवायचे, लीफलेटच्या (वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) पाचसहा ओळी लिहायच्या. झालं.

झालं म्हणतो, पण नकाशा दिसत नाही. पान उघडतं, झूमची बटणं येतात, खाली ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला खुला नकाशा झकास दिसतो आणि तुमचा थर गायब. मी होस्टिंगवाल्याशी भांडलो, फोल्डरच्या परवानग्या बदलल्या, सगळं पुसून पुन्हा चढवलं. दोष होता वायचा. हे सावकाश वाचा.

टाइलच्या ओळी मोजायच्या दोन रीती आहेत. एक्सवायझेड रीत उत्तरेकडून, म्हणजे वरून खाली मोजते. टीएमएस रीत दक्षिणेकडून, खालून वर. लीफलेट आपणहून एक्सवायझेड धरतं. जीडॅल२टाइल्स मात्र काही सांगितलं नाही तर टीएमएस बनवतं. जळगाव शहर घ्या. झूम १० ला जगाच्या वरपासून खालपर्यंत १०२४ ओळी होतात, ० ते १०२३. एक्सवायझेडने जळगावची टाइल येते एक्स ७२६, वाय ४५०. टीएमएसने तीच टाइल वाय ५७३, कारण १०२३ वजा ४५०. म्हणजे लीफलेट ७२६ च्या फोल्डरात ४५० मागतं, तिथे फाइल असते ५७३ आणि ब्राउझरला ४०४ मिळतो, म्हणजे 'फाइल सापडली नाही'. चित्र मात्र हरवलेलं नसतं. नकाशा वर ओढत विषुववृत्ताच्या खाली, दक्षिणेला जा. मॉरिशसच्या पूर्वेला, भर हिंदी महासागरात तुमचं जळगाव तरंगताना दिसेल. प्रत्येक टाइल सुलटी, पण ओळींचा क्रम उलटा, त्यामुळे सातपुडा खाली आणि अजिंठ्याचे डोंगर वर.

इलाज एका शब्दाचा. लीफलेटमध्ये टीएमएस ट्रू लिहा, किंवा जीडॅल ३.१ किंवा त्यापुढचं असेल तर टाइल बनवतानाच एक्सवायझेडचा पर्याय द्या. दोन्ही एकदम करू नका, पुन्हा समुद्रात जाल. क्यूजीआयएसच्या टूलमध्ये उलट्या वायची एक टिकमार्कची चौकट असते, तिला हात लावू नका. आणि काहीही बिघडलं तरी आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधल्या नेटवर्क टॅबमध्ये बघा, नेमकी कोणती फाइल मागितली जातेय. व्हिडिओ करून शिकवणारे हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या व्हिडिओत काही बिघडतच नाही.

आता झूम. प्रत्येक पायरीला टाइल चौपट होतात. झूम १४ ला ५,००० असतील तर १६ ला ८०,०००. 'अनलिमिटेड' होस्टिंगवरही फाइलींच्या संख्येला मर्यादा असते, ती आयनोडमध्ये मोजतात. करार करण्याआधी तो आकडा विचाराच. शिवाय सेंटिनेल-२ चा बारीकात बारीक पिक्सेल १० मीटरचा आणि आपल्या अक्षांशावर झूम १४ चा साधारण ९ मीटरचा. त्यापुढच्या टाइल म्हणजे नुसता भरणा. लीफलेटमध्ये मॅक्सनेटिव्हझूम १४ ठेवा, पुढे तीच टाइल ताणून दाखवली जाते.

फोल्डर एफटीपीने एकेक फाइल करत चढवायला बसू नका, मध्येच लाइट जाते. झिप चढवा आणि सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पान) उघडा. लिनक्स होस्टिंगला लहान-मोठी अक्षरं वेगळी वाटतात, तेव्हा विंडोजवर चालणारं पीएनजी तिथे अडकलं तर एक्स्टेंशनची अक्षरं बघा. ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय कोपऱ्यात राहू द्या आणि त्यांच्या सर्व्हरवरून टाइलींचा गठ्ठा उतरवू नका, त्यांच्या नियमात ते बसत नाही.

पीएमटाइल्स नावाची एकाच फाइलीत सगळं बसवणारी रीत आता आहे आणि ती चांगली आहे. तरी आधी एकदा फोल्डरवालीच करा, म्हणजे एक्स-वाय बोटांत बसतो. गणित कच्चं असलं तरी घाबरू नका. वजाबाकी येते ना? मग जमतं.

शेवटी नकाशा ऑफिसच्या वायफायवर तपासू नका. साध्या अँड्रॉइड मोबाइलवर, साक्रीच्या पुढे रेंज एक-दोन कांड्यांवर येते तिथे उघडून बघा. फार रेंगाळला तर उपग्रहचित्राच्या टाइल पीएनजीऐवजी जेपीजीत काढा. वजन बरंच उतरतं, फक्त कडेची पारदर्शकता जाते.