गावाच्या पानावर नजर ठेवा
१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तुमच्या गावाचं पान असेल, तर खातं उघडून पानाच्या वरच्या चांदणीवर टिचकी मारा. मग त्यात कुणी काही बदललं की ते तुम्ही नजर ठेवलेल्या पानांच्या यादीत दिसतं. ‘इतिहास पहा’मध्ये जुना-नवा मजकूर शेजारी शेजारी ठेवून बघता येतो. कुणी किल्ल्याची माहिती पुसून तिथं लॉजची जाहिरात चिकटवली असेल, तर तो बदल तिथूनच उलटवा. भांडत बसू नका, चर्चा पानावर कारण लिहा. आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या लिंक फार लवकर बंद पडतात, संदर्भाअभावी खरी माहितीही उडवली जाते. म्हणून संदर्भाची प्रत्येक लिंक वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करून तो पत्ताही सोबत द्या.