‘क्लीव्ह’ म्हणजे चिरणं की चिकटणं? अर्थ कसा लावावा

सी-एल-ई-ए-व्ही-ई. हे इंग्रजी क्रियापद बोलण्यात क्वचितच येतं, पण वाचताना हमखास अडवतं. सदाशिव पेठेत आमच्याकडे राहून अकरावी करणाऱ्या भाचीने ‘शी क्लीव्ह्ड टु हिम’चा अर्थ लावला, ‘तिने त्याला चिरलं’. डिक्शनरीतला पहिला अर्थ तोच आहे, त्यामुळे तिला दोष देता येत नाही. दुसरा अर्थ मात्र बरोबर उलटा: घट्ट चिकटून राहणं, साथ न सोडणं.

आधी क्रियापदाच्या पुढे बघा. ‘टु’ हे शब्दयोगी आलं असेल तर चिकटणं. थेट कर्म आलं तर चिरणं: ‘द ॲक्स क्लोव्ह द लॉग’, कुऱ्हाडीने ओंडका दुभंगला. (‘क्लीव्ह्ड इन टू’मधला टू म्हणजे दोन, तिथे फसू नका.) आपल्याकडेही हे आहेच. ‘भिंतीवर चित्र काढलं’ आणि ‘भिंतीवरचं चित्र काढलं’. क्रियापद एकच, पण एकदा चित्र आलं आणि एकदा गेलं!

मग भूतकाळाचं रूप बघा. क्लोव्ह, क्लेफ्ट, क्लोव्हन ही रूपं आजच्या इंग्रजीत चिरण्याचीच. ‘क्लीव्ह्ड’ मात्र दोन्हीकडे चालतं. कारण जुन्या इंग्रजीत ही दोन वेगळी क्रियापदं होती, पुढे त्यांचे उच्चार एक झाले.

चिरण्याचा अर्थ पक्का बसवायचा तर त्याची भावंडं ओळखा. मटणाच्या दुकानातला सत्तूर म्हणजे क्लीव्हर. दुभंगलेला ओठ म्हणजे क्लेफ्ट लिप. लसणाची पाकळी म्हणजे क्लोव्ह, तीही याच कुळातली. लवंगेचा क्लोव्ह मात्र फ्रेंचमधल्या खिळ्यावरून आला. आणि पुण्यातल्या पाषाणच्या खाणींत मिळालेलं हिरवं अपोफिलाइट हे खनिज कुठे बघायला मिळालं तर जरूर बघा. ते एकाच दिशेने सपाट, गुळगुळीत तुटतं. खनिजाच्या या गुणाला क्लीव्हेज म्हणतात.

स्वतः लिहिताना साध्या पत्रात किंवा अर्जात हा शब्द घालू नका, तिथे ‘स्प्लिट’ आणि ‘स्टिक’ पुरतात. गोष्टीत, कवितेत तो शोभतो.

काल भाचीला नवं वाक्य दिलं: ‘हिज टंग क्लीव्ह्ड टु द रूफ ऑफ हिज माउथ.’ तिने बोट ‘टु’वर ठेवलं, क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जीभ टाळ्याला चिकटली.”