चालू मेनफ्रेमवर लिंकलिस्टमधली लायब्ररी कशी बदलायची

झेड/ओएसवर (आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) लिंकलिस्टमधल्या (प्रोग्राम शोधायला सिस्टिम ज्या लायब्रऱ्या क्रमाने बघते ती यादी) लायब्ररीवर थेट नवीन कॉपी मारू नका, आणि पीडीएस (मेंबर असलेली जुन्या प्रकारची लायब्ररी) असेल तर कॉम्प्रेस (वाया गेलेली जागा मोकळी करायला मेंबर सरकवणं) अजिबातच नाही. एलएलए (लायब्ररी लुकअसाइड) लायब्ररीची डिरेक्टरी मेमरीत धरून बसलेला असतो, मॉड्यूल (लोड होणारा प्रोग्राम) डिस्कवर हललं तरी तो जुनाच पत्ता देतो आणि मग भलताच कोड लोड होतो नाहीतर अबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडणं) येतो, हे मी रात्रभर जागून शिकलोय.

त्यापेक्षा नवीन नावाने लायब्ररी अलोकेट करा. पीडीएसला सेकंडरी स्पेस शून्य द्या, कारण लिंकलिस्ट अ‍ॅक्टिव्ह झाल्यावर वाढलेलं एक्स्टेंट (डिस्कवरचा जादा तुकडा) सिस्टिमला दिसत नाही, त्यातलं मॉड्यूल मागितलं की एस१०६ अबेंड ठरलेला.

मग सेटप्रोग कमांडने नवा लिंकलिस्ट सेट डिफाइन करा, कॉपीफ्रॉम करंट देऊन (म्हणजे चालू सेटची नक्कल करून), त्यात नवी लायब्ररी अ‍ॅड करा, जुनी त्या सेटमधून डिलीट करा. अ‍ॅक्टिव्हेट करायच्या आधी टेस्ट ऑप्शन नक्की वापरा, मॉड्यूल नेमकं कुठल्या लायब्ररीतून येणार ते कळतं, लोक हे सोडून देतात आणि फसतात. एपीएफ लिस्टही (खास अधिकार दिलेल्या लायब्रऱ्यांची यादी) बघून घ्या.

अ‍ॅक्टिव्हेट केल्यावर फक्त नवे जॉब नवा सेट घेतात, आधीपासून चालू असलेले टास्क जुन्यावरच राहतात, त्यांना एकेक करून रीस्टार्ट द्या. अपडेट जॉब स्टार (सगळ्या चालू टास्कना एकदम नव्या सेटवर नेणारी कमांड) मारायचा मोह होतो पण तो धोक्याचा आहे, एखादा टास्क मॉड्यूल शोधत असतानाच पायाखालची यादी बदलली तर तो पडू शकतो. जुना सेट कोणीच वापरत नाही याची खात्री होईपर्यंत जुनी लायब्ररी डिलीट करू नका. पार्मलिबमधला (सिस्टिमच्या सेटिंगची लायब्ररी) प्रोग मेंबर त्याच दिवशी बदला, नाहीतर पुढच्या आयपीएलला (सिस्टिम नव्याने सुरू करताना) जुनंच परत येईल.